बहिणीनं मागं बघितलं

मेरे : …आणि काका, ती बाई उठली, लोकांमधून वाट काढत आली आणि सरळ माझ्या जहाजावर चढली!

ओबेद : आधी ती पिशवी खाली ठेव. विमानतळावरून थेट इकडेच आलीस का?

मेरे : घरी गेले असते तर आईनं जेवायला बसवलं असतं. मला आत्ता घास उतरणार नाही. आधी हे तुम्हाला सांगायचंय.

ओबेद : सांग. पण जहाजावर चढली म्हणजे काय? तुमचं जहाज म्हणजे दोन बाकडी आणि एक चादर.

मेरे : त्याच बाकड्यांवर! ऐका तर. एपी बेटावरचा आमचा पहिलाच प्रयोग. तीस वर्षांत तुमचं नाटक तिथं कुणी नेलंच नव्हतं, माहितीय?

ओबेद : माहितीय.

मेरे : लामेनचा किनारा, चर्चमागचा तो मोठा वड, दुपारचे तीन. अख्खं गाव लोटलेलं. पोरं फांद्यांवर, म्हाताऱ्या चटयांवर, पाद्रीबाबा खुर्चीवर. शेवटचा प्रवेश आला. लहान भाऊ किनाऱ्यावर उभा. मी, म्हणजे बहीण, जहाजावर, त्याच्याकडं पाठ करून. तुम्ही लिहिलंय अगदी तसं. ‘जहाज लहान होत जातं. बहीण मागं बघत नाही. मुलगा उभाच राहतो. पडदा.’

ओबेद : मी काय लिहिलंय ते मला पाठ आहे.

मेरे : तुम्हाला काय, देशाला पाठ आहे! आमच्या शाळेच्या भिंतीवर हात हात उंचीच्या अक्षरांत रंगवलं होतं, ‘बहीण मागं बघत नाही’. रोज त्याच्याखाली उभं राहून प्रार्थना म्हणायचो. आणि परीक्षेत दरवर्षी तोच प्रश्न. ‘“पाठमोरं जहाज” या नाटकातली बहीण कशाचं प्रतीक आहे? दहा गुण.’

ओबेद : आणि तू काय लिहायचीस?

मेरे : जे मार्गदर्शकात होतं ते. बहीण म्हणजे आपला नवा देश. जहाज म्हणजे स्वातंत्र्य. किनाऱ्यावरचा मुलगा म्हणजे मागं राहिलेले जुने दिवस, इंग्रज आणि फ्रेंचांचं एकत्र राज्य आणि ते सगळं.

ओबेद : तो मुलगा इंग्रज? अकरा वर्षांचं, अनवाणी, शेंबडं पोर?

मेरे : इंग्रज आणि फ्रेंच, दोन्ही. मला आठ गुण मिळाले होते.

ओबेद : मला तीन मिळाले असते. बरं, पुढं? कोणीतरी म्हातारी स्टेजवर चढली. भूल पडली असेल. खेडेगावात होतं असं. खलनायकाला चपला मारतात.

मेरे : भूल नाही, काका! ती माझ्या समोर येऊन उभी राहिली, आणि म्हणाली, ‘पोरी, मान वळव.’ मी ओठ न हलवता पुटपुटले, ‘आजी, प्रयोग चालू आहे.’ तर म्हणते, ‘चालू आहे म्हणूनच सांगतेय. संपल्यावर सांगून काय उपयोग?’

ओबेद : मग?

मेरे : मी हलले नाही. तीन वर्षं बहीण करतेय, माशी नाकावर बसली तरी मान वळवत नाही मी. मग तिनं माझी हनुवटी धरली, अशी, दोन बोटांत, आणि वळवली! लोक हसून हसून लोळायला लागले. फांदीवरचं एक पोर खाली पडलं. आणि मग ती लोकांकडं वळली आणि नुसतं म्हणाली, ‘मी बघितलं होतं.’ हसणं तुटलं, काका. कातरीनं कापल्यासारखं. ती खाली उतरली आणि घरी निघून गेली. आम्ही नाटक तिथंच थांबवलं, पुढं काय करणार?

ओबेद : कशी होती दिसायला?

मेरे : बुटकी. पण चालते अशी, की रस्ताच बाजूला सरकावा.

ओबेद : डाव्या भुवईवर व्रण?

मेरे : हो! इथून इथपर्यंत.

ओबेद : नारळ सोलायच्या खुंट्यावर पडली होती. माझ्या मागं धावताना. मी तिचा कंगवा पळवला होता.

मेरे : म्हणजे ती खरं बोलत होती! मी संध्याकाळी तिच्या घरी गेले, तर म्हणाली, हे नाटक माझ्या भावानं लिहिलंय, आणि त्यातली बहीण मी आहे. लेइवीया नाव. मी म्हटलं, असं बरेच जण म्हणत असतील. तर म्हणाली, ‘नातीच्या मास्तरांनाही सांगितलं मी. मी म्हटलं, अहो, ही मीच की. ते म्हणाले, मावशी, तुम्ही नाही, ते प्रतीक आहे.’

ओबेद : प्रतीक म्हणाले तिला?

मेरे : तोंडावर! आणि नातीला म्हणे सहाच गुण दिले, कारण तिनं उत्तरात ‘बहीण म्हणजे आमची आजी’ असं लिहिलं. काका, हसताय? की…?

ओबेद : काही नाही. बोल तू.

मेरे : आता मी काय बोलू? तुम्ही बोला! तुमची सख्खी बहीण, विमानानं चाळीस मिनिटांवर, आणि तुम्ही तिला शेवटचं कधी भेटलात?

ओबेद : शेहेचाळीस वर्षं झाली.

मेरे : शेहेचाळीस!

ओबेद : आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तिनंच वाढवलं. मग एपीहून एक शिकवणारा आला, चर्चच्या शाळेवर. शांत माणूस. तिनं त्याच्याशी लग्न ठरवलं. मी त्या वेळी अकरा वर्षांचा, ती एकोणीस. मामा म्हणाला, पोरगा इथंच राहील, त्याला पुढच्या वर्षी राजधानीत, विलाच्या शाळेत घालायचंय. नारळ न्यायला आलेल्या जहाजातून ती गेली. बाकी नाटकात आहेच.

मेरे : नाही ना! बाकी नाटकात नाहीच आहे! म्हणून तर मी धावत आले. तीस तारखेला आपला मोठा प्रयोग, स्वातंत्र्यदिनाचा. मैदानावर, सगळ्या देशासमोर. मला त्या दिवशी मान वळवू द्या.

ओबेद : नाही.

मेरे : ऐकून तर घ्या…

ओबेद : एक शब्द बदलायचा नाही. एक नजर नाही. ते नाटक आता माझं राहिलेलं नाही, मेरे. लोकांनी त्या एका ओळीवर भाषणं केली आहेत. पोरांची नावं ठेवलीयत. समितीचे अध्यक्ष उत्सवाच्या कमानीवर ती ओळ लिहून घेतायत. आणि तू म्हणतेस, जरा मान वळवू?

मेरे : पण ती खोटी आहे!

ओबेद : नाटकातली गोष्ट खोटी कशी असेल? ती नाटकातली आहे.

मेरे : हे तुम्ही आम्हाला तालमीत सांगता त्याच्या बरोबर उलट आहे. तालमीत म्हणता, एकसुद्धा खोटा श्वास घेऊ नका. एक विचारू?

ओबेद : नको म्हटलं तरी विचारशीलच.

मेरे : ती म्हणाली, जहाज खडकांच्या खिंडीतून बाहेर पडेपर्यंत मी बघितलं नाही. कारण बघितलं असतं, तर उडी मारली असती. खिंड ओलांडली, आता उडी मारून उपयोग नाही असं झालं, तेव्हा वळले. आणि किनारा रिकामा होता.

ओबेद : रिकामा म्हणाली?

मेरे : रिकामा. तुमच्या मामाचं डुक्कर तेवढं होतं म्हणाली, वाळू उकरत. पण काका, तुम्ही तर लिहिलंय, मुलगा उभाच राहतो. तिला दिसलं नसेल ना? लांबून, डोळ्यांत पाणी, काळी वाळू…

ओबेद : डुक्कर होतं.

मेरे : काय?

ओबेद : मी निघालो तेव्हा डुक्कर तिथंच होतं.

मेरे : निघालात? कधी निघालात?

ओबेद : नांगर उचलत होते तेव्हाच. जहाज हललंही नव्हतं. मला वाटलं, तिनं पाठ फिरवायच्या आत आपण फिरवली तर आपण जिंकलो. पळत गेलो वर कोनफळाच्या मळ्यात, आणि अंधार पडेपर्यंत वेल उपटत बसलो.

मेरे : म्हणजे… थांबा. म्हणजे तिनं मागं बघितलं की नाही, हे तुम्हाला माहीतच नव्हतं?

ओबेद : मला कसं माहीत असणार? मी नव्हतोच तिथं.

मेरे : तीस वर्षं! तीस वर्षं आम्ही सगळे उत्तरं लिहितोय, बहीण मागं का बघत नाही! मोठमोठी पुस्तकं लिहिली लोकांनी!

ओबेद : ओरडू नकोस. शेजारी पाद्री राहतात.

मेरे : ऐकू दे त्यांना! काका, तुम्हाला कळतंय का, हे नाटकापेक्षा मोठं नाटक आहे! मुलगा पाठ फिरवून जातो. मग, तो गेल्यावर, बहीण वळते. आणि समोर कोणी नाही! माझ्या अंगावर काटा आला, बघा, हा बघा हात!

ओबेद : सत्ताविसाव्या वर्षी लिहिलं ते. तेव्हा वाटलं, मुलगा उभा राहिला की बरा दिसतो. लोकांना कीव येते त्याची. पहिल्या प्रयोगाला बायका रडल्या. मग कुणीतरी म्हणालं, बहीण म्हणजे देश. टाळ्या पडल्या. मी ‘नाही’ म्हणालो नाही. मग म्हणायची वेळच गेली. आणि ताईला काय तोंड दाखवणार? तिनं पहिलाच प्रश्न विचारला असता, ओबे, तू होतास कुठं?

मेरे : तिनं मला विचारलंच.

ओबेद : काय?

मेरे : ‘तब्येत बरी असते का त्याची,’ असं. दुसरं काही नाही.

ओबेद : विमान कधी आहे?

मेरे : कुठलं?

ओबेद : चेष्टा पुरे. एपीचं.

मेरे : गुरुवारी सकाळी. मी पण येणार!

ओबेद : तुला कोण बोलावतंय?

मेरे : माझी हनुवटी धरलीय तिनं. माझा हक्क आहे.

(गुरुवार. एपी बेट, लामेन. लेइवीयाचं स्वयंपाकाचं खोपटं. चुलीत दगड तापत ठेवलेले.)

लेइवीया : वाकून ये. कपाळ आपटेल.

ओबेद : ताई…

लेइवीया : केस गेले की रे सगळे. आईच्या बाजूला सगळ्यांना शेवटपर्यंत केस होते. बस तिथं. तू पण बस गं पोरी. मान दुखत नाही ना?

मेरे : नाही आजी! उलट मोकळी झाली.

लेइवीया : हे घे. किसणी. हे कोनफळ अर्धं तू किस, अर्धं मी. दगड तापले की हा किस केळीच्या पानांत बांधून लापलाप भाजायचंय, पानं तिकडं आहेत. जेवल्याशिवाय जायचं नाही.

ओबेद : ताई, मी बोलायला आलोय.

लेइवीया : मग तोंडानं बोल, हातानं किस. लेखक झालास म्हणून दोन्ही एकदम जमेनासं झालं की काय?

ओबेद : मेरेनं सगळं सांगितलं मला. खिंड, डुक्कर, सगळं. मी…

लेइवीया : पुढच्या नाताळात आले होते मी. माझा नवरा आणि मी, दोघं. तुला घ्यायला. मामाला समजावलं होतं त्यानं. दोन दिवस गावात थांबलो. तू सापडला नाहीस.

ओबेद : मळ्यात लपलो होतो.

लेइवीया : माहितीय की. वरून धूर दिसायचा. कोनफळ भाजून खात होतास. मी नवऱ्याला म्हटलं, जाऊन धरून आणू का? तो म्हणाला, धरून आणलेलं पोर राहत नाही. मग तुझा सदरा ठेवला मामाकडं. निळा. मीच शिवलेला.

ओबेद : तोकडा झाला होता.

लेइवीया : घातलास?

ओबेद : विलाच्या शाळेत पहिल्या दिवशी तोच घातला. बाह्या कोपरापर्यंत. पोरं हसली.

लेइवीया : वर्षात एवढा वाढशील असं वाटलं नव्हतं मला.

मेरे : काका, हे तुम्ही नाटकात का नाही घातलंत? सदरा! लपणं! धूर!

लेइवीया : शू. त्याला किसू दे.

ओबेद : तुझा नवरा गेला तेव्हा मी तांदूळ पाठवले होते.

लेइवीया : दोन पोती. पोचली. तांदूळ चांगला होता. तुला यायला जहाज नव्हतं?

ओबेद : होतं.

लेइवीया : हां.

ओबेद : ताई, रागव ना एकदा. ओरड. मी तुला सगळ्या देशासमोर… त्यांनी तुला देश केलं आणि मी गप्प बसलो.

लेइवीया : देश केलंत त्याचं काही नाही रे. चांगलं आहे, सुट्टीच्या दिवशी झेंडा लागतो. पण तू मला दगड केलंस. माझी नात पाच वर्षांची असताना शाळेतून आली आणि मला विचारते, आजी, तू गेलीस तेव्हा तुला काहीच वाटलं नाही का? काय सांगू मी तिला? म्हटलं, तुझ्या आजोबांना विचार, त्यांनी जहाजावर माझे हात धरून ठेवले होते. ते तर तेव्हा वारलेले. रडतोस कशाला?

ओबेद : रडत नाहीये. कोनफळानं हात खाजतायत.

लेइवीया : हात खाजले की डोळ्यांतून पाणी येतं होय? बाजूला हो, नारळाच्या दुधात पडेल.

मेरे : आजी, मी एक सांगू? काकांनी काल रात्री शेवट नवा लिहिलाय. खिशात आहे त्यांच्या. विमानात तीनदा काढून वाचला आणि मला दाखवला नाही!

लेइवीया : वाच की मग.

ओबेद : चारच ओळी आहेत. ‘जहाज हलायच्या आत मुलगा पाठ फिरवतो आणि निघून जातो. जहाज खिंडीबाहेर पडतं. बहीण मागं बघते. किनाऱ्यावर कोणी नाही.’

मेरे : देवा! आजी, ऐकलंत? हेच! मी म्हणतच होते!

लेइवीया : तो निघून जातो ते कसं करणार?

मेरे : ते माझ्यावर सोपवा. आमचा पोरगा चांगला नट आहे. रागानं पाय आपटत जाईल…

लेइवीया : नाही. पाय आपटत नाही. त्या पोराला वाईट करायचं नाही.

ओबेद : ताई, ते पोर मीच आहे. आणि ते वाईटच वागलं.

लेइवीया : अकरा वर्षांचं होतं ते. मला ठाऊक होतं की ते थांबायचं नाही. मी ओळखत होते ना त्याला! रडू आलं की पळायचं, तुझं लहानपणापासून तेच. तरी वळून बघितलं मी. रिकाम्या किनाऱ्याकडं किती वेळ बघत होते, विचार माझ्या… जाऊ दे. तर त्याला रागानं पाठवू नका. तसाच पाठवा, रडू आवरत पळतो तसा.

ओबेद : समिती ऐकायची नाही. अध्यक्ष म्हणतील, तिसाव्या स्वातंत्र्यदिनी देशानं मागं वळून बघायचं? लोक काय अर्थ काढतील?

लेइवीया : बघितलं तर काय होतंय? मागं बघितलं म्हणून देशाची मान मोडत नाही. पुढंच जात होतं की जहाज.

मेरे : काका, हे वाक्य अध्यक्षांना सांगायचं. असंच्या असं!

ओबेद : त्यांना मी सांगेन. मी लिहिलंय, मीच सांगेन. आणि हेही सांगेन की मी तिथं नव्हतो. ताई, तू येशील का प्रयोगाला?

लेइवीया : विलाला? माझे गुडघे बघितलेस?

ओबेद : मी येईन न्यायला.

लेइवीया : तू येशील?

ओबेद : अठ्ठावीस तारखेच्या विमानानं. विमानतळावर उभा असेन, तुझ्या आधी.

लेइवीया : बघू. किसून झालं का? मग पानं पुस. ओल राहिली की लापलाप चिकटतं.

\* \* \*

(तीस तारीख, विला. प्रयोग संपल्यावर, मैदानाच्या कडेला.)

मेरे : मला वाटलं आग लागली! शप्पथ, आजी. मी तिकडं तोंड करून उभी, मला काही दिसत नाही, आणि मैदानातून एकदम गलका. ‘थांब! अरे थांब!’ मी म्हटलं, मंडप पेटला, आता पळायचं की मान वळवायची?

लेइवीया : मलाही आधी कळलं नाही. माझ्या शेजारची बाई मांडीवरचं मूल तसंच धरून उभी राहिली आणि ओरडायला लागली.

मेरे : कुणाला पण?

ओबेद : त्या पोराला. त्यानं पाठ फिरवली ना. पहिल्यांदा एक बाई ओरडली, मग रांगच्या रांग. दीड-दोन हजार माणसं. त्यांना सगळ्यांना पाठ होतं, मुलगा उभा राहतो. आणि तो राहिला नाही. मला वाटलं, आता तो खरंच थांबतो आणि बुडालं माझं नाटक.

मेरे : थांबला का?

ओबेद : एक पाऊल अडखळला. मग डोळे पुसत पळाला.

लेइवीया : बरोबर पळाला. तसंच.

मेरे : आणि मग मी वळले. काका, तालमीत मी वीस वेळा वळले असेन, पण असं… समोर किनारा म्हणून टाकलेली रिकामी वाळू, आणि तिच्यामागं एवढी माणसं, सगळी माझ्याकडं बघतायत. मी रडणार नव्हते. तुम्ही तसं लिहिलेलं नाही.

ओबेद : नव्हतंच लिहिलं. राहू दे आता. तसंच करत जा.

मेरे : आणि अध्यक्ष? तुम्ही त्यांच्या शेजारी होतात!

ओबेद : आधी सगळं सांगितलं होतं त्यांना, तरी त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की पुढच्या वर्षी मला खुर्च्या लावायलाही बोलावणार नाहीत. तेवढ्यात त्यांच्या बायकोनं त्यांच्याच खिशातला रुमाल काढून घेतला. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा सगळ्यात उशिरा उभे राहिले, पण राहिले.

मेरे : मला तर आमचे जुने मास्तर भेटले, भांबावलेले! म्हणतात, पोरांना आता काय शिकवू? बहिणीचा अर्थ काय? मी म्हटलं, तिकडं पहिल्या रांगेत बसलीय ती, तिलाच विचारा.

लेइवीया : आले होते. विचारलं त्यांनी.

ओबेद : काय सांगितलंस?

लेइवीया : म्हटलं, बहीण म्हणजे बहीण. लिहून घेतलं बिचाऱ्यांनी.

मेरे : आजी! तुम्ही पुस्तकात जाणार!

लेइवीया : जाऊ दे. तुला भूक नाही का गं? सकाळपासून काही खाल्लं नाहीस. तिकडं मासे भाजतायत, वास आला मघाशी.

मेरे : आता खाईन! आता सगळं खाईन! तुमच्यासाठी पण आणते, दोघांसाठी. हलू नका इथून!

लेइवीया : वारं भरलंय पोरीच्या अंगात.

ओबेद : तीन वर्षं मान ताठ धरून उभी केली होती मी तिला. ताई, पाणी देऊ? ऊन लागतंय का?

लेइवीया : नाही. बरं वाटतंय. समुद्र दिसतो इथून.

ओबेद : ते बघ, मंत्र्यांचा माणूस हात करतोय. फोटो काढायचे असतील. दोन मिनिटं जावं लागेल मला.

लेइवीया : मग जा की.

ओबेद : लगेच येतो. तू…

लेइवीया : जा रे. मी इथंच बसलेय.